न केलेलं मृत्युपत्र

वोल्फ्सबुर्गला राहत असताना मी एका इंग्रज वकिलाशी कडाकडा भांडले. तो मरून दोनशे वर्षं होत आली होती, त्यामुळे भांडण एकतर्फी झालं, पण मी ते अगदी मनापासून केलं. त्याची बाजू मांडायला आमच्या खालच्या मजल्यावरचे जर्मन आजोबा होते. ते मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरात वकील काय ती मी एकटीच, आणि तीही अशी की जिच्या वकिलीला त्या देशात कुणी विचारत नव्हतं.

मी साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावी, बाबांच्या हाताखाली वकिली शिकले. पुढे लग्न झालं, नवऱ्याला वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात नोकरी लागली आणि मी काळा कोट आईच्या कपाटात लावून जर्मनीला गेले. तिथल्या एका ऑफिसात माझी पदवी दाखवली. समोरच्या बाईंनी ती शांतपणे वाचली, 'श्योन, श्योन', म्हणजे छान छान, म्हणाल्या आणि जर्मन भाषेच्या पुढच्या वर्गाचं माहितीपत्रक हातात दिलं. त्यानंतर मी क्रियापदं पाठ करत होते आणि जिना पुसायची आमची पाळी आली की जिना पुसत होते. त्या गावात सकाळी सगळे आपापल्या गाडीत बसून कारखान्याकडे जातात आणि मागे एवढी शांतता उरते की कुकरच्या शिट्टीची आपली आपल्यालाच लाज वाटावी.

असाच जिना पुसत असताना एकदा आजोबा दार उघडून बाहेर आले. "तुम्ही वकील आहात ना? तुमचे यजमान म्हणाले. मला एक वकील कळत नाहीये. इंग्रज आहे."

प्रकरण असं होतं. त्यांची बायको इंग्रज, शाळेत शिकवायची. तिच्या गावात, जॉर्ज नावाचे राजे एकामागून एक गादीवर बसत होते त्या काळात, एक वकील होऊन गेला. फार मोठा वगैरे नव्हे. बाजारपेठेच्या लहान गावातला, आसपासच्या खेड्यांची कामं घेणारा. बाईंनी त्याचं चरित्र लिहायला घेतलं. त्याच्या कागदांच्या छायाप्रती खोक्यांत भरून आणल्या, बरीचशी प्रकरणं लिहिली आणि शेवटचं प्रकरण राहिलेलं असतानाच त्या गेल्या. आजोबांना ते पुस्तक पुरं करून छापायचं होतं. इंग्रजी त्यांना येत होतं, पण गिअरबॉक्सचं. जमिनीचं इंग्रजी त्यांच्या डोक्यावरून जात होतं.

माझ्या मात्र ते ओळखीचं निघालं. आम्हाला कॉलेजात मालमत्ता हस्तांतराचा जो कायदा शिकवला तो इंग्रजांनीच करून ठेवलेला, त्यामुळे गहाण, भाडेपट्टा, विश्वस्त हे सगळे जुने सोयरे मला त्या खोक्यांत भेटले. "तुमच्यावर इंग्रजांनी राज्य केलं आणि इंग्रजांवर हानोफरहून गेलेल्या आमच्या राजांनी. आल्झो, म्हणजे आपण नातेवाईकच," असं आजोबा म्हणाले आणि स्वतःच हसले. त्यानंतर दर बुधवारी सकाळी मी त्यांच्याकडे जाऊ लागले. ते बटरकुखन कापून ठेवायचे. आपल्या मऊ पावावर साखर-लोणी घालून भाजल्यासारखा तो केक मला अजून आवडतो.

तो वकील मला पहिल्या आठवड्यातच आवडला होता, हे इथे सांगून टाकते. बिअरसाठी जवाला मोड आणून ते विकणाऱ्या एका माणसाचा तो मुलगा. दुसऱ्या वकिलाकडे नक्कलनवीस म्हणून राबून शिकला. मग स्वतःचा दरवाजा उघडला. कुणाचं लग्न ठरलं की कराराला हा, कुणी अंथरूण धरलं की मृत्युपत्राला हा. जमीनदारांच्या वतीनं खेड्याखेड्यांत जाऊन कुळांचे तंटे ऐकायचा. पैसेवाल्या विधवांचे पैसे गरजवंतांना जमीन गहाण ठेवून मिळवून द्यायचा. गावचं गायरान कुंपण घालून वाटलं गेलं तेव्हा त्या कामाचा चिटणीस हाच, आणि वाटणी झाल्यावर त्यातले बरे तुकडे हळूहळू विकत घेणाराही हाच. पन्नाशीत त्यानं गावाबाहेर घर बांधलं, घोडा बदलला, फाटकापासून घरापर्यंत लिंडनची झाडं लावली आणि नोकरांकडून स्वतःला वकील म्हणवून घ्यायचं बंद केलं. त्याला आता जमीनदार व्हायचं होतं.

"हा माणूस मला ठाऊक आहे," मी आजोबांना म्हणाले.

बाबा असेच होते. आठवडाभर कोर्ट. सकाळी ओट्यावर पक्षकारांची गर्दी, वाटणीपत्रं, मृत्युपत्रं, बांधावरची भांडणं. अख्ख्या तालुक्यात असं घर नसेल ज्याच्या वाटणीत बाबांचं बोट नाही. मात्र रविवारी डोक्यावर हॅट चढवून ते जीपमधून शेतावर जायचे. ती जमीन त्यांनी वकिलीच्या कमाईतून तुकड्या-तुकड्यानं घेतलेली. गावात लोक त्यांना वकीलसाहेब म्हणायचे आणि शेतावर मालक, आणि दुसरी हाक ऐकल्यावर त्यांची मान कशी ताठ व्हायची ते मी लहानपणापासून बघत आले. त्यांनी बांधाला नारळ लावले होते. आमच्याकडे नारळ धड येत नाही, हे त्यांना दहा जणांनी सांगितलं होतं. बाबा जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. त्यामुळे बुधवारी सकाळी त्या इंग्रजाचे कागद वाचताना मला बरं वाटायचं, आणि घरी आल्यावर रडू यायचं. कशाचं बरं वाटतंय आणि कशाचं रडू येतंय ते काही मला नीट सांगता आलं नसतं.

त्याच हिवाळ्यात भावाचा फोन आला. तो माझ्याहून लहान, शेती तोच बघतो, आई त्याच्याकडेच असते.

"ताई, तलाठ्याकडं वारसनोंद झाली. आईचं, माझं आणि तुझं, तिघांचं नाव लागलंय सातबाऱ्यावर."

"बरं झालं," मी म्हणाले.

"आता तुझी हक्कसोड तेवढी झाली की मिटलं. तू यायला नको. तिकडनं मुखत्यारपत्र पाठव, पुढचं मी बघतो. ठिबक करायचंय गं, बँकेत गेलं की म्हणतात सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या आणा. तुला काय दर वेळी जर्मनीवरनं बोलवायचं?"

यात त्याचं काही वेडंवाकडं नव्हतं. त्यानं मला जेवलीस का विचारावं तितक्या सरळपणे हे सांगितलं. आमच्याकडे बाप गेला की बहिणी निबंधकाच्या कचेरीत जातात, भावाच्या नावे हक्क सोडून देतात आणि येताना सगळे मिळून हॉटेलात जेवतात. कायद्यानं मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून तर सही लागते.

मी वकिली करत होते तेव्हा अशा कितीतरी बायकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मावशी, आधी वाचा. सही केली की परत फिरता येत नाही." त्या माझ्याकडे बघून हसायच्या. एकीनं मला विचारलं होतं, "वकीलबाई, वाटा घेतला तर मग राखी कुणाला बांधू? तुमाला?" तेव्हा मला त्या बायका भित्र्या वाटायच्या. आता सही माझी होती आणि भीतीही माझीच.

पण मला छळणारी गोष्ट वेगळीच होती. साऱ्या तालुक्याची मृत्युपत्रं करणाऱ्या बाबांनी स्वतःचं केलंच नव्हतं.

वकिलाला हे कळत नसेल, असं कसं म्हणायचं? जमीन स्वकष्टाची होती, कुणालाही देता आली असती. भावाला द्यायची तर दोन ओळी पुरल्या असत्या. आणि काहीच लिहिलं नाही तर तिसरा हिस्सा मला येणार, हे बाबांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी कलमासकट सांगितलं असतं. मग त्यांनी मुद्दामच लिहिलं नाही का? तोंडानं कधी बोलले नाहीत, पण गप्प राहून मला दिलं? की आपलं सगळ्यांसारखंच, आज करू उद्या करू करत राहून गेलं? अर्धा दिवस मला पहिलं खरं वाटायचं आणि मी हवेत असायचे. संध्याकाळपर्यंत दुसरं खरं वाटायला लागायचं. पहिलं खरं असेल तर सही करणं म्हणजे बाबांनी हातात ठेवलेली वस्तू टाकून देणं. दुसरं खरं असेल तर सही न करणं म्हणजे त्यांच्या विसरण्याचा फायदा उपटणं.

नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "तुझं तू ठरव. मी यात पडणार नाही."

"अरे, पण तुला काय वाटतं ते तरी सांग."

"मला काय वाटतं याला काही अर्थ नाही. टोटली तुझा डिसिजन आहे. फक्त मुखत्यारपत्रासाठी हाम्बुर्गच्या कॉन्सुलेटला जायचं असेल तर टेर्मिन आधी सांग, मला सुट्टी टाकावी लागेल."

इतका समंजस नवरा मिळाल्याबद्दल त्या रात्री मला त्याचा भयंकर राग आला होता. मी टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, घेतली. सहीसाठी नव्हे, टेर्मिन असली की ठरवावं लागेल म्हणून.

त्याच दिवसांत आम्ही शेवटच्या प्रकरणावर आलो, म्हणजे त्या इंग्रजाच्या मृत्युपत्रावर. मृत्युपत्र म्हणजे काय, महाकाय वस्तू. पानंच्या पानं जातात आणि एक पूर्णविराम सापडत नाही. यानं मरणानंतरच्या साऱ्या शक्यता बांधून ठेवल्या होत्या. जमीन मुलाला, पण विकता येणार नाही. त्याच्यानंतर त्याच्या मुलाला. तो नसेल तर अमक्याला, अमका नसेल तर तमक्याला. थोरल्या मुलीला लग्नात दिलंय ते दिलंय. आणि धाकटीला, जी लग्न न करता बापाचं घर सांभाळत होती, तिला वर्षाकाठी ठरावीक रक्कम आणि राहत्या घरातली मागची खोली, ती अविवाहित असेपर्यंत.

आजोबांनी चष्मा काढला. "बघा. त्यानं तिचा विचार केला होता. खोलीसुद्धा लिहून ठेवली."

"मागची खोली," मी म्हणाले.

"पण खोली."

"अहो, ती घर चालवत होती! किल्ल्या तिच्या कमरेला होत्या. हा मेल्यावर तेच घर भावाचं आणि हिला मागची खोली, तीसुद्धा अट घालून!" माझा आवाज चढला होता. जर्मनमध्ये भांडताना क्रियापदाचा अर्धा तुकडा थेट वाक्याच्या शेवटी येतो, म्हणून राग तिथपर्यंत धरून ठेवावा लागतो, तो माझा धरला गेला नाही. मी अर्धं इंग्रजीत बोलले. "हा माणूस हुशार होता. कायदा याच्या हातात होता. याला मुलीला जमीन देता येत नव्हती असं नाही. यानं दिली नाही."

"माझ्या बायकोनं लिहिलंय की तो प्रेमळ बाप होता."

"असेल. मग?"

त्यांनी माझ्या ताटलीत बटरकुखनचा आणखी एक तुकडा ठेवला, जो मी मागितला नव्हता. मग म्हणाले, "तुम्ही या इंग्रजाबद्दल बोलत नाही आहात."

मी त्यांना सगळं सांगितलं. हक्कसोड म्हणजे काय हे त्यांना पटकन कळलं, माझ्या अपेक्षेपेक्षा फार पटकन. ते इथल्याच एका खेड्यातले, शेतकऱ्याचे थोरले. या भागात होफ, म्हणजे घर-गोठा-जमीन सगळं मिळून, एकाच मुलाकडे जातं. बाकीच्यांनी थोडं काही घेऊन बाजूला व्हायचं. त्यांच्याकडे होफ धाकट्या भावाला मिळाला, कारण यांचे हात यंत्रांत आणि त्याचे मातीत. यांनी नोटरीच्या समोर बसून सही केली आणि सायकलवरून वोल्फ्सबुर्गला आले.

"राग नाही आला?"

"हो, आला. त्या वर्षी मी कापणीला गेलो नाही. पुढच्या वर्षी गेलो."

"मग मी सही करू?"

"ते मला माहीत नाही," आजोबा म्हणाले. "मला माझ्या बापानं विचारलं होतं. तुम्हाला कुणी विचारलंय का?"

पुस्तक पुढे छापून झालं. शेवटच्या प्रकरणात तो वकील प्रेमळ बापच राहिला आहे, कारण ते बाईंचं पुस्तक होतं आणि आजोबांनी त्यात स्वतःचं काही घालायचं नाही असं ठरवलं होतं. मागच्या खोलीचा उल्लेख मात्र आहे. त्यासाठी मी हट्ट धरला होता.

त्या बुधवारी आजोबांकडून वर आले ती घरातल्या घरात चकरा मारत राहिले. मला कुणीच विचारलं नव्हतं हे खरं होतं. पण मीही कुणाला विचारलं नव्हतं. सगळा हिवाळा मी बाबांच्या मनाचे तर्क लढवत बसले होते आणि ज्या बाईनं त्यांच्याबरोबर संसार केला तिला एकदाही सरळ विचारलं नव्हतं. खरं म्हणजे मला उत्तराची भीती वाटत होती. हाम्बुर्गची टेर्मिन दोन दिवसांवर आली तेव्हा मी आईला फोन लावला.

"आई, बाबांनी मृत्युपत्र का नाही केलं?"

"हे काय मधेच?"

"सांग ना. विसरले का?"

"ते कसले विसरतायत," आई म्हणाली. "मी म्हटलं होतं की त्यांना. तुझं लग्न झालं त्या वर्षी. म्हटलं, अहो, जगाची मृत्युपत्रं करताय, आपलं कधी करणार? तर हसायला लागले. म्हणाले, आपल्याला कशाला पाहिजे? पोरगी काय कोर्टात जाणारंय व्हय? सही करील ती. शहाणी आहे."

मी मनात दोनच पारडी धरून बसले होते, दिलं किंवा विसरले. हे तिसरं मला सुचलंसुद्धा नव्हतं. बाबांनी मला काही दिलं नव्हतं आणि ते काही विसरलेही नव्हते. ते मला गृहीत धरून चालले होते. माझ्यावर त्यांचा इतका विश्वास होता की मला वगळायला त्यांना दोन ओळीही लिहाव्या लागल्या नाहीत. ते काम त्यांनी माझ्याच सहीवर सोडलं होतं. त्या इंग्रजाला निदान आपल्या लेकीची धास्ती तरी होती, ती कुठे राहील याचा प्रश्न तरी पडला होता. ज्याच्याशी मी भांडून आले होते, त्याचीच बाजू घ्यावीशी मला वाटायला लागली. आणि तरीही बाबा मला शहाणी म्हणाले होते हे ऐकून आनंद झाला, तो होऊ नये असं कितीही वाटलं तरी झाला. मला रडू येत होतं आणि मी चिडलेली होते.

"ऐकतीयस ना?" आई म्हणाली.

"आई, मी सही करणार नाही."

हे मी ठरवलेलं नव्हतं. म्हणजे बोलायच्या आधी ठरवलेलं नव्हतं, बोलून झाल्यावर मात्र ते ठरलेलं होतं. मी घाईघाईनं पुढचं सांगायला लागले, की मला जमीन विकायची नाही, कसू दे त्यालाच, बँकेला लागतील तेव्हा सह्या करीन, पीक त्याचंच, फक्त नाव राहू दे, माझं नाव बाबांच्या नावाखाली राहू दे. वकिलानं एवढं लांबण लावलं की केस कच्ची आहे हे न्यायाधीशाला कळतं. आईला तर केव्हाच कळत होतं.

पलीकडे मागे भाऊ कुणाला तरी विहिरीवरची मोटार चालू करायला सांगत होता, ते ऐकू येत होतं.

"बरं," आई म्हणाली. मग अगदी हळू, "मी साडी आणून ठेवलीय गं तुला."

आमच्याकडे हक्क सोडणाऱ्या बहिणीला भाऊ साडी नेसवतो. मला माहीत होतं. ती आणून झाली असेल, हे मात्र माझ्या मनात आलं नव्हतं.

"त्याला कुठलं कळतंय साडीतलं, म्हणून मीच कराडला जाऊन घेतली," आई सांगत होती. "तुझा आवडता रंग मिळाला. चार दुकानं फिरले."

"मग मला दे ना, आई. मी उन्हाळ्यात येतेच आहे."

"नुसतीच कशी देऊ?" आई म्हणाली.